शब्दाआधीची जागा

या गोष्टीत मधूनमधून अशी [          ] रिकामी जागा येईल. तिथे कोणीतरी शब्द शोधत आहे. जागा मोठी तर शोध मोठा. तुम्हांला तो शब्द सुचेल, बहुतेक वेळा लगेच सुचेल. तरी भरू नका.

*

फाटकावरच्या बाईंनी नाव विचारलं. प्रश्न हेमंतला होता.

"हेमंत," तो म्हणाला. "हेमंत [

"कुरुंदवाडे," उल्का म्हणाली. "हेमंत आणि उल्का कुरुंदवाडे, सांगलीहून. सामानाचा टेम्पो मागून येतोय."

कंसाची दुसरी बाजू राहिली. उल्का बोलली की ती राहायचीच.

फाटकावरच्या बाई उल्काकडे बघून छान हसल्या आणि पुन्हा हेमंतकडे बघत उभ्या राहिल्या. ऐकू कमी येत असेल म्हणून उल्कानं आडनाव मोठ्यानं सांगितलं. बाईंनी मान डोलावली, पण फाटक उघडलं नाही. हेमंतनं पलीकडे वारणेकडे पाहिलं, काठावरच्या करंजांकडे पाहिलं, स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

[                    ]

"कुरुंदवाडे," तो म्हणाला.

"या, कुरुंदवाडे," बाई म्हणाल्या, आणि फाटक उघडलं.

हेमंत ताठ चालत आत गेला. उल्का मागून गेली ती धुसफुसत. आडनाव तिनं दोनदा सांगितलं होतं.

*

'सोबत' ही कंपनी निवृत्तांसाठी वसाहती बांधते आणि चालवते. बांधून, किल्ल्या देऊन मोकळी होत नाही. चालवते, हे महत्त्वाचं. तिच्या संस्थापक शैलजा आवटी मूळच्या बांधकाम अभियंता. त्यांची पहिली वसाहत इतरांसारखीच होती. न घसरणाऱ्या फरशा, जागोजागी कठडे, दारात रुग्णवाहिका. तिथे माणसं पडायची थांबली. पण जेवणघरात बसल्यावर आवटींच्या लक्षात आलं की माणसं बोलायचीही थांबली होती. तिथे सगळं इतक्या चटकन हातात मिळायचं की मागायची गरज उरली नव्हती. पडू नये म्हणून आपण कठडे लावले, त्या म्हणाल्या, आणि गप्प होऊ नये म्हणून काय लावलं?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे वारणाकाठची वसाहत.

इथे बाकं जोडीनं आहेत, पण समोरासमोर नाहीत. जराशी तिरकी आहेत. शब्द शोधताना माणसाला समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. जेवणघरात वाढणारा माणूस पळी घेऊन उभा राहतो. घ्या हो थोडी, असा आग्रह करत नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल ते, म्हणाल तेवढं. न्हावी, माळी, किराणा दुकानदार, सगळ्यांना कंपनी एकच गोष्ट शिकवते, आणि ती शिकायला महिने लागतात. थांबणं. थांबल्याचा चेहरा न करता थांबणं.

एक नियम मात्र कंपनीचा नाही, रहिवाशांचा आहे. दुसऱ्याच्या तोंडातला शब्द जो पळवेल, त्यानं पुढच्या जेवणात त्याच्या टेबलावर ताक वाढायचं.

पहिल्याच आठवड्यात सगळी वसाहत उल्काला ताकवाल्या वहिनी म्हणून ओळखू लागली.

*

आता मागचं थोडं.

सांगलीत त्यांचा हौशी नाट्यसंघ होता. दरवर्षी स्पर्धेला नाटक बसवायचा. हेमंत पाटबंधारे खात्यात होता आणि संध्याकाळी नट होता. आवाज दमदार, उभं राहणं देखणं, पाठांतर शून्य. उल्का हायस्कुलात भूगोल शिकवायची आणि संध्याकाळी प्रॉम्प्टर असायची. विंगेत अंधारात उभं राहून, नट अडला की वाक्य पुरवायचं. चांगला प्रॉम्प्टर नट अडल्यावर बोलतो. उल्का त्याहून चांगली होती. हेमंत अडणार हे त्याच्या खांद्यावरून तिला आधी कळायचं, आणि तो अडायच्या आत शब्द त्याच्यापर्यंत पोचलेला असायचा. प्रेक्षकांना कधी पत्ता लागला नाही.

त्यांचं लग्न झालं तेव्हा संघातले म्हणाले, हेमंतनं विंगेशीच लग्न केलं.

नाटकं सुटली. सवय घरात आली. भाजीवाल्याशी, व्याह्यांशी, बँकेत, दवाखान्यात, हेमंतनं वाक्य सुरू करायचं आणि उल्कानं पोचवायचं. दोघांनाही हे सुखाचं वाटायचं. निदान उल्काला वाटायचं.

मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा नुसता विसराळूपणा नाही. हेमंतचे शब्द हळूहळू सुटत जाणार आहेत. माणसं ओळखता येतील, रस्ते आठवतील, पण बोलणं विरळ होत जाईल, आणि काही वर्षांनी कदाचित राहणार नाही.

म्हणून वारणाकाठ.

*

प्रत्येक घराच्या छताला बशीएवढं एक यंत्र आहे. त्याचं नाव कानोसा. नव्या माणसांना त्याची भीती वाटते, आपलं बोलणं कोणी साठवतंय की काय अशी. कानोसा शब्द साठवत नाही. ऐकता ऐकताच टाकून देतो. ठेवतो तो फक्त गप्प बसण्याच्या जागा. कोण थांबलं, किती थांबलं, आणि ते थांबणं कोणी मोडलं.

वसाहतीतल्या स्पीच थेरपिस्ट रुबीना मुल्ला यांनी उल्काला हे समजावलं तेव्हा दोघी त्यांच्या खोलीत होत्या. हेमंत बाहेर पत्ते खेळत होता.

त्या म्हणाल्या, बोलण्याआधी मेंदू एक छोटा प्रवास करतो. आधी वस्तू मनात येते. मग तिच्या नावाचा आवाज जागा होतो. मग जीभ हलते. वय झालं की मधला टप्पा रेंगाळतो. तोंडावर आहे पण आठवत नाही, असं आपण म्हणतो ते हेच. हेमंतरावांच्या आजारात तो फार रेंगाळतो. त्या टप्प्याची वाट गवतातल्या पायवाटेसारखी असते. चाललं तर राहते. उशिरा का होईना, धडपडत का होईना, माणूस स्वतः शब्दापर्यंत पोचला की वाट तेवढी तुडवली जाते. पण अर्ध्यावर असताना कोणी शब्द हातात दिला, की काम झालं असं समजून मेंदू शोध सोडून देतो. वाट न चालता मुक्काम मिळाला. गवत वाढतं.

स्वतः आठवलेलं पक्कं बसतं, सांगितलेलं निसटतं, हे अभ्यासात आधीही दिसलं होतं, रुबीना म्हणाल्या. पण घराघरात, वर्षानुवर्षं, नवराबायकोच्या साध्या बोलण्यात ते कोणी मोजलं नव्हतं. 'सोबत'नं मोजलं, कारण शेकडो घरं तिच्याकडे होती आणि ऐकायची चिकाटी होती. मग त्यांनी भिंतीवर दोन रेषा दाखवल्या. दोन्ही हेमंतच्या. एक दुपारची, तो इथल्या नव्या मित्राच्या, डॉक्टर चौगुल्यांच्या घरी असतानाची. ती सपाट होती, शेवटी जराशी खालीसुद्धा आलेली. म्हणजे शब्द थोडे लवकर सापडत होते. दुसरी घरातली. ती टेकडीसारखी चढत गेली होती.

उल्का बराच वेळ त्या टेकडीकडे बघत राहिली. भूगोल शिकवलेली बाई. चढ तिला वाचता येत होता.

"म्हणजे मी काय करतेय?" तिनं विचारलं.

रुबीना लगेच बोलल्या नाहीत. इथे कोणीच लगेच बोलत नाही.

"तुम्ही त्यांच्याआधी पोचता, उल्काताई," त्या म्हणाल्या. "रोज."

*

नाश्ता. टेबलावर दोघंच. उल्काच्या तोंडात वेलदोडा. तो तोंडात आहे तोवर बोलायचं नाही, असं तिनं स्वतःशी ठरवलेलं.

हेमंत: आज मी जरा [          ]

(उल्का वेलदोडा या गालातून त्या गालात नेते.)

हेमंत: तिकडे, त्या [                    ]

(थालीपीठ निवतं. त्यावरचं लोणी पसरतं. हेमंत बोटानं हवेत काहीतरी लांबट काढतो.)

हेमंत: अगं, त्या [

उल्का: नर्सरीत!

(वेलदोडा बशीत.)

हेमंत: हो. नर्सरीत.

(तो निघतो. दुपारी उल्का ताक वाढते.)

*

डॉक्टर मारुती चौगुले शिरोळकडचे. आयुष्यभर जनावरांचे डॉक्टर होते. जन्मभर अडखळत बोललेले. त्यांच्या बोलण्यात जागा मधे नसायची, शब्दाच्या तोंडाशीच असायची. हेमंतची त्यांच्याशी गट्टी पहिल्या दिवसापासून जमली होती. दोघं बंधाऱ्यावर जाऊन बसायचे आणि कधीकधी सबंध संध्याकाळभरात जेमतेम एक विषय संपवायचे.

उल्का त्यांच्याकडे भांडायला गेली. माझ्या घरची रेषा चढते आणि तुमच्याबरोबरची उतरते, म्हणजे तुम्ही असं काय करता, हे तिला ऐकायचं होतं. चौगुले व्हरांड्यात शेंगा सोलत होते. त्यांनी तिच्यापुढे परात सरकवली.

मी काहीच करत नाही, ते म्हणाले. मग शेंगा सोलता सोलता त्यांनी सांगितलं की सकाळी हेमंतराव नर्सरीच्या रस्त्यानं निघालेले दिसले होते, आणि वळणावर थांबून म्हणाले होते की खरं तर बंधाऱ्यावर जायचं होतं.

उल्काचा हात परातीत थांबला. "मग मी नर्सरी म्हटल्यावर हो का म्हणाले?"

"सोपं पडतं, वहिनी. [   ] हो म्हणणं."

ते हसले. त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली, आणि ती संपेपर्यंत परातभर शेंगा सोलून झाल्या. कॉलेजात असताना कोल्हापुरात हॉटेलात जायचे. खायची असायची मिसळ. ओठ मिटून 'म'वर अडले की पोऱ्या म्हणायचा, मेदूवडा? आणि आणून ठेवायचा. पाच वर्षं त्यांनी मेदूवडे खाल्ले. पुढे बायको आली, फार मायेची. तीही पुरवायची.

"लोकांनी मला [      ] जन्मभर शब्द दिले, वहिनी. प्रेमानं दिले. चांगले होते. [          ] माझे नव्हते."

*

'सोबत'ची घरं अभियंत्याच्या डोक्यातून आलेली आहेत. दोन घरांमधली भिंत सरकते. दोन म्हातारी भावंडं एकत्र राहायला आली की भिंत उघडते. गरज पडली तर एका घराची दोन होतात: दोन दारं, दोन स्वयंपाकाचे ओटे, पुढे एकच व्हरांडा. याला शेजारघर म्हणतात. ते घ्या, असं कंपनी कधीच सांगत नाही. असं घर असतं, एवढंच सांगते.

उल्का स्वतःहून रुबीनांकडे गेली. मला गप्प राहता येत नाही, ती म्हणाली. त्यांच्या खांद्याकडे बघितलं की माझं तोंड उघडतं. खांदा दिसणार नाही अशी सोय करा.

रुबीना म्हणाल्या, हेमंतरावांना वेगळं विचारावं लागेल. तुमच्याशिवाय.

उल्का बाहेरच्या तिरक्या बाकावर बसली. आत काय होणार हे तिला ठाऊक होतं. तो नाही म्हणणार. मोजे कुठे असतात हेसुद्धा त्याला तिच्याशिवाय सांगता येत नाही. तो नाही म्हणेल, मग आपण समजूत घालू, मग बघू. तिनं समजुतीची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

रुबीना लवकरच दारात आल्या. हो म्हणाले, त्यांनी सांगितलं.

"किती थांबले?"

"त्या शब्दाआधी थांबले नाहीत."

उल्काला ते लागलं. मग चौगुल्यांचं बोलणं आठवून ती म्हणाली, "हो म्हणणं त्यांना सोपं पडतं."

"म्हणूनच मी तिथे सोडणार नाही. का, ते विचारलंय. अजून शोधतायत." त्या आत परतल्या.

दुपार गेली. जेवणघरातून भांड्यांचे आवाज आले आणि थांबले. उन्हं व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा रुबीना पुन्हा बाहेर आल्या. त्यांचे डोळे ओले होते, आणि तो चेहरा नोकरीचा नव्हता. कारण सांगितलं त्यांनी, त्या म्हणाल्या. पण ते तुम्हांला मी सांगायचं नाही असंही म्हणाले. स्वतः सांगणार आहेत.

कधी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

*

भिंत सरकवायला माणसं आली, सकाळचा चहा निवायच्या आत काम करून गेली.

हुबळीहून मुलीचा, ऋताचा फोन आला. ही कसली कंपनी, म्हातारपणी नवराबायकोला वेगळं ठेवते, म्हणाली. उल्का कारण सांगू लागली, पण तिचं एकही वाक्य पुरं झालं नाही. प्रत्येक वाक्य ऋतानं मधेच धरलं आणि स्वतःच्या मनानं संपवलं. शेवटी उल्काला हसू आलं. मुलगी तिचीच होती.

ऋतानं हसण्याचं कारण विचारलं. उल्का म्हणाली, ये एकदा. ताक वाढशील.

पण फोन ठेवल्यावर घर फार स्वच्छ वाटलं. भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला, भांडं असावं. ती उठली नाही. पलीकडे चौगुल्यांचा आवाज येत होता, आणि हेमंतचा, आणि त्यांच्यामधल्या लांबलचक जागा. त्या जागांमध्ये पूर्वी ती राहायची.

रुबीनांनी तिला खोटी आशा दाखवली नव्हती. आजार जाणार नाही, त्या म्हणाल्या होत्या; काही शब्द गेले ते गेले. पण काही महिन्यांत घरातली रेषा सपाट झाली होती, आणि सपाट राहिली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तेही त्या रेषेकडे बराच वेळ बघत बसले, आणि मग म्हणाले की या कंपनीचा माणूस त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला येईल का.

उल्काला रेषेचा आनंद होता. मनापासून होता. फक्त त्या आनंदात तिला कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं.

आणि कारण अजून यायचं होतं. तिनं ते शंभर वेळा ओळखलं होतं. मला तुझा कंटाळा आलाय. मला तुझी दया नको. मला एकट्यानं मरायची सवय करायचीय. प्रत्येक कारणाला तिच्याकडे उत्तर तयार होतं.

*

तो संध्याकाळी आला. स्वतःच्या दारातून निघून व्हरांड्यातून चालत तिच्या दाराशी. दार उघडंच होतं, तरी त्यानं कडी वाजवली. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या दाराची कडी कधी वाजवली नव्हती. तिचं वेगळं दारच नव्हतं.

इस्त्रीचा सदरा घातला होता. बटण एक घर चुकलं होतं. चौगुले मागे व्हरांड्याच्या टोकाला, आपण इथे नाहीच अशा बेतानं उभे होते.

"उल्का," तो म्हणाला. "तू [                    ]"

तिला कळलं. परत ये. खांद्यावरून कळलं, पूर्वीसारखं लख्ख. तू परत ये, भिंत उघडू. तिच्या घशापर्यंत आलं ते, आणि त्यामागोमाग तिचं उत्तरही. आत ओट्यावर दूध चढत होतं, त्याचा आवाज येत होता. ती हलली नाही. तिनं दाराची चौकट धरली आणि करंजांकडे पाहिलं, त्याला तिचा चेहरा बघावा लागू नये म्हणून.

[                                        ]

दूध उतू गेलं. जळल्याचा वास व्हरांड्यापर्यंत आला.

"तू उद्या," हेमंत म्हणाला, "माझ्याकडे [          ] जेवायला येशील?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"पिठलं करणार आहे. मी. [      ] डॉक्टरांनी शिकवलं." तो थांबला. हातानं चुकलेलं बटण चाचपलं. पुढचं वाक्य लांबचं होतं हे दिसत होतं. तो त्याच्याकडे निघाला होता आणि त्याला घाई नव्हती. "मला तुला एकदा [                    ] विचारायचं होतं. काहीतरी. तुला [          ] आधी माहीत नसताना."

म्हणजे हे कारण.

तिनं तोंड उघडलं. जुळवून ठेवलेली सगळी उत्तरं तिथे होती आणि त्यातलं एकही या प्रश्नाचं नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं. पण तिला नुसतं हो म्हणायचं नव्हतं. त्यापेक्षा मोठं काहीतरी होतं, छातीत होतं, त्याचं नाव जिभेवर येत नव्हतं, आणि ते पुरवायला विंगेत कोणी नव्हतं.

[                                                            ]

व्हरांड्याच्या टोकाकडून चौगुल्यांना राहवलं नाही. "व... वहिनी म्हणतायत की [

हेमंतनं मागे न बघता हात वर केला.

"थांबा, डॉक्टर," तो म्हणाला. "ती बोलतेय."